डिस्कवर घरे चार होती. मग मालक एकच कसा उरला?

१/
"युनिक्स अवघड होते, म्हणून ते घरच्या संगणकावर टिकले नाही." संगणकाच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याला पुरावा मागण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. हा धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे. विरोधाचा पुरावा अमेरिकेतील न्यायालयीन कागदांत आहे, हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत आहे, आणि वसई-विरारमधल्या दोन खोल्यांच्या घरांतही आहे.

२/
आरोप पोकळ नाही, हे आधी मान्य करावे लागेल. १९९८ ते २००८ या दशकात ज्याने घरच्या संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवण्याचा प्रयत्न केला, त्याचे हाल झाले. (कायद्याच्या अर्थाने लिनक्स हे युनिक्स नव्हे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते स्वतंत्रपणे लिहायला घेतले. परंतु आज्ञा, फायलींची मांडणी आणि एकंदर वृत्ती युनिक्सचीच. या धाग्यात 'युनिक्स' हे कुळाचे नाव समजावे.)

३/
वसई-विरार तेव्हा महानगरपालिका नव्हती. ती ३ जुलै २००९ रोजी झाली. पालघर जिल्हाही नव्हता; तो १ ऑगस्ट २०१४ चा. ठाणे जिल्ह्यातील चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे, असा हा पट्टा होता. वसई रोडला १९९४ पासून विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय होते. मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आला की युनिक्सच्या आज्ञा आणि शेल स्क्रिप्ट येणारच. प्रयोगशाळेतला तास आठवड्यातून एकदा. उरलेला सराव घरी करायचा, आणि घरी होते विंडोज.

४/
घरचा संगणक बहुधा 'असेंबल्ड'. विरार लोकलने ग्रँट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, डिस्क, मॉनिटर घ्यायचे, आणि दुकानदार त्यात विंडोज 'टाकून' देई. घरात असे यंत्र एकच. त्यावर वडिलांच्या सोसायटीचे हिशेब, बहिणीचा प्रकल्प, लग्नाचे फोटो. दुसऱ्या डिस्कला पैसे नाहीत, सीडी-रायटर शेजाऱ्याकडेही नाही. अशा यंत्राच्या डिस्कचे दोन भाग करायला बसणे हा छंद नव्हता. घरच्यांच्या वस्तू पणाला लावून केलेला अभ्यास होता. 'फॉरमॅट मारला' हे दोन शब्द ज्या घरात एकदा रडू आणून गेले, त्या घरात पुन्हा लिनक्सचे नाव निघणे कठीण.

५/
त्या हालांचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, कारण उत्तर त्यातच दडलेले आहे.

संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडीवर लिनक्स मिळे. ती घालून, फिप्ससारख्या साधनाने विंडोजचे पार्टिशन आकसून घ्यायचे. त्याआधी डीफ्रॅग चालवून सगळ्या फायली पुढे सरकवायच्या, अन्यथा मागे राहिलेली फाइल आकसणे अडवी. मग लिनक्स बसवायचे आणि शेवटी लिलो नावाचा छोटा प्रोग्राम डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहायचा. यंत्र चालू होताना कोणती प्रणाली हवी, हे विचारणे त्याचे काम.

६/
लिलो आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवत पुढे जाई. चारही उमटली की सुटका. अनेकदा दोनच उमटत, एल आणि आय, आणि यंत्र तिथेच थिजे.

याचे एक नेहमीचे कारण आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून चालत आलेले होते. बायोसमध्ये डिस्कच्या सिलिंडरचा क्रमांक लिहायला दहाच बिट ठेवलेले होते. म्हणजे १०२४ सिलिंडर, पुढे काही नाही. भाषांतराच्या युक्त्या करूनही ही सीमा ८.४ जीबीपाशी येऊन संपे. लिलो बायोसच्याच डोळ्यांनी पाही. डिस्कच्या पुढच्या भागात विंडोज आधीच पाय पसरून बसलेले, त्यामुळे लिनक्सला जागा मागे. आणि मागे म्हणजे सीमेपलीकडे. उशिरा आलेल्याला शेवटची खोली, आणि तिला दार नाही.

७/
समजा, सगळे जमले. तीन महिन्यांनी विंडोज मंदावे, व्हायरस येई, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ते पुन्हा टाकले जाई. विंडोज ९५ आणि ९८ बसताना डिस्कच्या त्या पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम न विचारता पुसून तिथे स्वतःचा लिहीत. लिनक्स डिस्कवर जसेच्या तसे राही, एक बाइट हललेला नसे. परंतु त्याच्यापर्यंत जाण्याची वाट गेलेली असे. विद्यार्थ्याला वाटे, लिनक्स 'उडाले'. ज्याने बूट फ्लॉपी करून ठेवली होती तो वाचे. फ्लॉपी कशा टिकत, हे त्या पिढीला विचारावे. आपल्या दमट हवेत तर विशेष.

८/
घड्याळाची गोष्ट तर खास इथली. युनिक्स यंत्रातले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवू पाहते, कारण ते जन्मापासून अनेकांनी मिळून वापरायचे यंत्र आहे. डॉस आणि विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतात. दोन्ही एका यंत्रावर आली की विंडोजमध्ये रात्रीचे आठ, तर लिनक्समध्ये मध्यरात्रीनंतरचा दीड. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लंडनमध्ये हिवाळ्यात हा दोष दिसतसुद्धा नाही. त्यावरचा उपाय शोधायची निकड कोणाला किती वाटली असेल, याचा अंदाज करावा.

९/
त्यानंतर मोडेम. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातले विद्यार्थ्यांना परवडणारे 'शेल अकाउंट' म्हणजे दुसऱ्या टोकाच्या युनिक्स यंत्रावरचे खाते: अक्षरांचा पडदा, पत्रांसाठी पाइन, वाचनासाठी लिंक्स. पुढे घरोघरी जे स्वस्त मोडेम आले ते 'विनमोडेम' होते. मोडेमचे निम्मे काम त्यांनी विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकललेले. लिनक्समधून फोन लागतच नसे. लिनक्समध्ये अडलेला प्रश्न विचारायलाही आधी विंडोजमध्ये परतावे लागे, उत्तर कागदावर उतरवून घ्यावे लागे, आणि मग यंत्र पुन्हा सुरू करावे लागे.

१०/
आणि वीज. मुंबईला टाटा, बेस्ट आणि उपनगरांतील खाजगी वीजपुरवठ्याचे कवच होते. वसईची खाडी ओलांडली की आधी वीज मंडळ आणि २००५ पासून महावितरण. भारनियमन हा इथला दिनक्रम. पार्टिशन सरकवले जात असताना दिवे गेले तर दोन्ही प्रणाली एकदम जात. २००१ अखेरीस एक्स्ट३ ही नोंदवही ठेवणारी फाइल प्रणाली लिनक्सच्या गाभ्यात येईपर्यंत, वीज परतल्यावर लिनक्स दीर्घ तपासणीला बसे आणि कधी मध्येच थांबून मूळ वापरकर्त्याचा पासवर्ड मागे.

११/
आता ही यादी पुन्हा पाहावी. वीज आणि बायोस सोडले तर जवळपास प्रत्येक त्रास दोन प्रणालींच्या मधल्या कुंपणावरचा आहे. लिनक्स एकटे असते तर बूट सेक्टरवर झगडा नव्हता, आकसायला पार्टिशन नव्हते, घड्याळाचे भांडण नव्हते. मग प्रश्न असा: पीसीवर शेजार अशक्यच होता का?

१२/
नव्हता. उलट पीसीची डिस्क शेजारासाठीच आखलेली होती.

मार्च १९८३. आयबीएमने पीसी एक्सटी आणले, आत १० एमबीची डिस्क, सोबत डॉसची २.० ही आवृत्ती. तेव्हा ठरलेली मांडणी पुढे तीस वर्षे चालली. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा: ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, २ बाइट खुणेसाठी, आणि मध्ये ६४ बाइटांचे एक कोष्टक. त्यात १६ बाइटांच्या चार ओळी. प्रत्येक ओळीत पार्टिशन कुठे सुरू होते, कुठे संपते, कोणत्या प्रणालीचे आहे, आणि सध्या 'चालू' आहे का.

डॉसचे एकट्याचे काम एका ओळीत भागत होते. कोणत्या प्रणालीचे पार्टिशन, हे सांगायला स्वतंत्र रकाना ठेवला गेला, कारण चार ओळींत चार वेगवेगळ्या प्रणाली राहाव्यात अशी अपेक्षा होती.

१३/
ती अपेक्षा कागदावरची नव्हती. त्याच सुमारास एससीओचे झेनिक्स पीसीवर आले, आणि १९८४ साली खुद्द आयबीएमने एक्सटीसाठी पीसी/आयएक्स नावाचे युनिक्स विकायला काढले. झेनिक्स कोणाचे होते? मायक्रोसॉफ्टचे. १९८० साली तिने एटी अँड टीकडून परवाना घेऊन युनिक्सची ही आवृत्ती बाजारात आणली होती. डॉस हाती येण्याआधी. पीसीवर युनिक्स ही पुढच्या काळातल्या हौशी पोरांची खूळ नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातला तो माल होता.

१४/
मग शेजार मोडला कोणी? इथे तंत्रज्ञानाची वही मिटून करारांची वही उघडावी लागते.

मायक्रोसॉफ्ट संगणक उत्पादकांशी 'प्रत्येक प्रोसेसरमागे' करार करी. विकलेल्या दर यंत्रामागे पैसे द्यायचे, त्यात डॉस असो वा नसो. दुसरी प्रणाली घालणाऱ्याला म्हणून दोनदा पैसे मोजावे लागत. १९९४ साली अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत कंपनीला सोडावी लागली. पुढचा खटला १९९८ चा. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोंदवलेल्या निष्कर्षांत हेही आहे की यंत्र प्रथम सुरू होताना जे काही घडते त्यात उत्पादकांनी बदल करू नये, असे निर्बंध विंडोजच्या परवान्यात होते.

१५/
वसईकराला हा मसुदा ओळखीचा वाटावा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. होळकरांकडून हडपसरला हार झालेली, पुणे सुटलेले. तहात काय ठरले? तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची राहील, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला जाईल, आणि कंपनी सरकारला कळवून तिच्याशी मसलत केल्याशिवाय पेशवे दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करणार नाहीत. गादी पेशव्यांची, शिक्का पेशव्यांचा. दाराशी कोण येणार, हे मात्र कंपनी पाहणार. तुलना ताणू नये, इथे कोणी रक्त सांडले नाही. परंतु यंत्र हिताचीचे असताना त्याच्या पहिल्या पडद्यावर कोण दिसावे याचा निर्णय दुसरीकडे होत असेल, तर त्याला तैनाती नाही तर काय म्हणायचे?

१६/
हिताचीचे नाव उगाच घेतलेले नाही. १९९८ च्या अखेरीस हिताचीने फ्लोरा प्रायस या संगणकांवर विंडोज ९८ च्या जोडीला बीओएस ही नवी प्रणाली घालून द्यायचे ठरवले. यंत्रे बाजारात आली तेव्हा बीओएस डिस्कवर होती, पण सुरुवातीला निवड विचारणारा पडदा नव्हता. विकत घेणाऱ्याला शेजारी कोणी राहते याचा पत्ताच लागत नसे. ती जागी करायला वेगळी खटपट करावी लागे. बी कंपनीने फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये तो २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरला मिटला. चूक मायक्रोसॉफ्टने कबूल केली नाही, आणि बी कंपनी तोवर संपलेली होती.

बीओएस ही युनिक्स नव्हती, 'अवघड' तर नव्हतीच. देखणी आणि चपळ म्हणून तिचे कौतुक होत होते. तरी तिचे हेच झाले. 'अवघड होते म्हणून' या सिद्धांताचे उत्तर या एका उदाहरणापाशी अडते.

१७/
इथे एक आक्षेप रास्त आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या जुळवणीकाराने मायक्रोसॉफ्टशी कसला करार केला होता? त्याने टाकलेले विंडोज बहुधा चोरीचेच. त्याला दुसरी प्रणाली घालायला कोणी अडवले होते?

कोणी नाही. पण चोरीच्या प्रतीने इथे वेगळ्या वाटेने तेच साधले. लिनक्सचे सर्वांत मोठे आमिष म्हणजे ते फुकट होते. जिथे विंडोजही फुकट पडते, तिथे त्या आमिषाला अर्थ उरत नाही. मोडेम, प्रिंटर, साउंड कार्ड मात्र विंडोजच्या बाजारासाठीच घडवलेले येत. कराराची अट इथे वस्तूंच्या पोटातून आली. दुकानदाराला पैसे न देता, सही न घेता.

१८/
युनिक्सचे कुळ तरी कुठे निर्दोष होते? १९५६ च्या न्यायालयीन आदेशामुळे एटी अँड टीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मलेले युनिक्स विद्यापीठांना अल्प दरात मिळाले. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, बंधन सुटले, आणि युनिक्सचा भाव चढला. १९८८ पासून मोठ्या कंपन्या दोन गटांत विभागून एकमेकींशी भांडत बसल्या. आणि १९९२ ते १९९४, म्हणजे ३८६ प्रोसेसर घरात येत होता नेमका तेव्हा, पीसीवर चालणारे बीएसडी कोर्टात अडकवून ठेवले ते मायक्रोसॉफ्टने नव्हे, एटी अँड टीच्याच युनिक्स शाखेने.

१९/
उद्धटपणाही होताच. फ्रीबीएसडीने पीसीच्या पार्टिशनला 'स्लाइस' म्हटले आणि त्या स्लाइसच्या आतल्या तुकड्यांना 'पार्टिशन'. नवख्याने डिस्क पुसली तर दोष त्याचा, कारण पुस्तिकेत लिहिले होते. ग्राफिक पडदा हवा असेल तर मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता विचारली जाई. चुकीचा आकडा दिल्यास मॉनिटर बिघडू शकेल, असा इशारा सोबत. लॅमिंग्टन रोडच्या मॉनिटरसोबत पुस्तिका येत नसे. "आधी कागदपत्रे वाच" हे उत्तर ज्याच्याकडे कागदपत्रेच नाहीत त्याला देणे हा निव्वळ अहंकार होता, आणि त्या अहंकाराने युनिक्सचे जेवढे मित्र तोडले तेवढे क्वचित कोणी तोडले असतील. हे दोष मोठे आहेत. पण बूट सेक्टर पुसणारा हात यांच्यापैकी कोणाचाही नव्हता.

२०/
शिक्षणाकडे पाहिले तर विसंगती आणखी बोचते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी युनिक्सच्या अंगणात घडवली. युनिक्सच तिच्यात पुन्हा लिहिले गेले. महाराष्ट्रात ती शिकवली गेली डॉसवर, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' घरोघरी पोचले, आणि त्याच्या त्या काळच्या आवृत्त्या टर्बो सी-डॉस धरूनच चालत. त्याच कानेटकरांनी युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरही पुस्तक लिहिले आहे. लेखकाला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. वाचकाच्या यंत्रात एकच होती.

२१/
२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटीने लाखो मराठी माणसांना माउस धरायला शिकवले, हे ऋण नाकारता येत नाही. परंतु अभ्यासक्रमाचा गाभा विंडोज आणि ऑफिस होता. 'संगणक येतो' याचा अर्थ शासनमान्य प्रमाणपत्राने असा ठरवून टाकला.

त्याच दशकात केरळने शाळांतील संगणक शिक्षण लिनक्सवर नेले. तिथली मुले काही उपजत हुशार नव्हती. फरक एवढाच की त्यांच्या यंत्रावर लिनक्स आश्रित म्हणून आले नव्हते; ते आधीच बसवलेले होते, आणि शिकवणाऱ्याला येत होते. युनिक्स मुळातच सामान्य माणसाला अवघड असते, तर केरळच्या खेड्यातली आठवीतली मुलगी त्यावर परीक्षा कशी देऊ शकली असती?

२२/
वसई-विरारच्या ज्या विद्यार्थ्याने २००३ साली तिसऱ्यांदा लिनक्स काढून टाकले, त्याने बहुधा मनाशी नोंद केली असेल: "आपल्याला जमले नाही." ही नोंद इतिहास म्हणून स्वीकारली जाते आहे, आक्षेप त्याला आहे. पराभूताने स्वतःला दिलेला दोष हा बखरीचा पुरावा असू शकत नाही. पानिपतावर हरलेल्यांनी काय म्हटले एवढेच वाचून कोणी त्या मोहिमेचा इतिहास लिहीत नाही. रसद कोणी अडवली, हेही पाहिले जाते.

२३/
हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' आले. सही असलेलाच प्रोग्राम यंत्र सुरू करू शकेल. हेतू चांगला, कारण बूटमध्ये लपणारे व्हायरस खरे आहेत. पण सामान्य पीसीवर सर्वत्र चालणारी सही मायक्रोसॉफ्टची. लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्या 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम तिच्याकडे सही करायला पाठवतात, तेव्हा त्यांना दार उघडते. चार ओळींच्या जुन्या कोष्टकाची जागा १२८ ओळींच्या नव्या कोष्टकाने घेतली आहे, म्हणजे डिस्कवर आता जागेचा तुटवडा नाही.

२४/
१३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजचा मासिक अपडेट आला. त्यात शिमच्या जुन्या, असुरक्षित आवृत्त्या नाकारण्याची तरतूद होती. ज्या यंत्रांवर विंडोजसोबत लिनक्स आहे तिथे ही तरतूद लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिले होते. दुसऱ्या दिवसापासून जगभर अनेकांचे लिनक्स सुरू होईना. पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याची सूचना, आणि खाली काहीतरी गंभीर बिघडले आहे असे एक वाक्य. कंपनीने नंतर कारण सांगितले: काही यंत्रांवर शेजारी दुसरी प्रणाली राहते, हे अपडेटला ओळखता आले नाही.